भाच्याच्या दंडातली पोकळी

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे सांगलीत औषधांच्या दुकानात काम करतात. बहीण तासगाव तालुक्यातल्या एका गावात दिलेली, दाजींची द्राक्षबाग. नऊ वर्षांचा भाचा जुलैत शाळेच्या मैदानावर लगोरी खेळत होता. त्याने जोरात चेंडू फेकला आणि उजव्या दंडात 'कट्' आवाज झाला. तो पडला नाही, कुणी ढकललं नाही. फोटो काढला तर खांद्याच्या जरा खाली हाड मोडलेलं, आणि मोडलं तिथेच आत काळी पोकळी. 'बोन सिस्ट आहे, साधी आहे,' असं सांगलीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, हात झोळीत अडकवला, आणि हाड जुळल्यावर दर दोन-तीन महिन्यांनी फोटो काढून बघू म्हणाले. मिरजेतले दुसरे डॉक्टर म्हणाले, खरवडून आत हाड भरता येईल, किंवा सळया टाकता येतील. आता हाड जुळलंय. दाजींचं म्हणणं, ऑक्टोबर छाटणीच्या आत ऑपरेशन उरकून गाठ काढून टाकू. आजीला हात हाडवैद्याकडून चोळून घ्यायचाय. बहीण रोज रात्री फोन करून विचारते, कॅन्सर तर नाही ना? 'घरात शिकलेला मी एकटाच, म्हणून सगळे म्हणतात तूच ठरव. थांबलो आणि हात परत मोडला तर दोष माझा. ऑपरेशन करायला लावलं आणि काही बिघडलं तरी दोष माझाच. काय करू?'

नमस्कार मामा,

पत्र दोनदा वाचलं. आजाराविषयी तुम्ही चार ओळी लिहिल्यात आणि दोषाविषयी चौदा. त्यामुळे दोन्हींविषयी बोलावं लागणार. मी हाडांचा डॉक्टर होतो, आता निवृत्त आहे. तुमच्या भाच्याचा फोटो मी पाहिलेला नाही, हे पुढचं सगळं वाचताना लक्षात असू द्या.

सुरुवात दाजींच्या एका शब्दापासून करतो. 'गाठ काढून टाकू.' साधी सिस्ट ही काढून टाकायची वस्तू नसते. ती हाडाच्या आतली पोकळी असते, आत पातळ पिवळसर पाणी आणि भोवती एक नाजूक अस्तर. भोक काढता येत नाही, ते भरून यावं लागतं. ऑपरेशन करा, सुई घाला, सळया टाका, शेवटी पोकळीत हाड भरायचं काम मुलाचं शरीरच करतं. आपण फक्त त्याला अवतण देतो. कधी ते येतं, कधी अर्धवट येतं, कधी दुसऱ्यांदा बोलवावं लागतं.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, चुकून शिकलोय. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात जत भागातल्या एका मुलाची अशीच सिस्ट मी खरवडली, कमरेच्या हाडातून थोडं हाड घेऊन आत भरलं. पोराला दंडापेक्षा कमरेची जखमच जास्त दुखली. सहा महिन्यांनी फोटो इतका सुंदर आला की मी तो विद्यार्थ्यांना दाखवला. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा काळा डाग. बाप टेबलापलीकडे बसून शांतपणे म्हणाला, 'डॉक्टर, काढली होती ना तुम्ही?' काढली हा शब्द माझाच होता. ऑपरेशन चुकलं नव्हतं, दहा वर्षांखालच्या मुलांत ही पोकळी परत होण्याचं प्रमाण जास्तच असतं. चूक होती ती आधी न सांगण्याची. तेव्हापासून तो शब्द मी सोडला. तुम्हीही घरात सोडा. 'गाठ' हाही सोडा. गाठ म्हटलं की आपल्याकडे पुढचा शब्द कुणी न उच्चारताच सगळ्यांना ऐकू येतो, आणि तुमच्या बहिणीला तो रोज रात्री ऐकू येतोय.

तिचं उत्तर आधी देऊ. साधी सिस्ट कॅन्सर नाही आणि तिचा कॅन्सर होत असल्याची भीती बाळगायचं कारण नाही. १८७६ मध्ये जर्मनीत रुडॉल्फ फिरखोव्ह यांनी तिचं वर्णन केलं, म्हणजे वैद्यकाला ती जवळजवळ दीडशे वर्षं ठाऊक आहे. मुलींपेक्षा मुलांमध्ये साधारण दुप्पट, आणि सगळ्यांत आवडती जागा दंडाच्या हाडाचा वरचा भाग, त्याखालोखाल मांडीच्या हाडाचा वरचा भाग. बहुतेक वेळा ती असल्याचं कळतं तेच हाड मोडल्यावर. शेवग्याची फांदी बघा, दिसायला जाडजूड, पण पोरगं लटकलं की काडकन मोडते. तसंच हे. चेंडू फेकताना दंडाला जो पीळ बसतो तेवढा पातळ भिंतीला पुरतो. म्हणून 'पडला नाही तरी कसं मोडलं' या प्रश्नात संशयाला जागा नाही. आणि बहिणीला हेही सांगा की दूध कमी पाजलं, कॅल्शियम कमी पडलं, ग्रहणात भाजी चिरली, यातल्या कशानेही ही पोकळी होत नाही. तुमच्या दुकानात कॅल्शियमच्या बाटल्या रांगेत उभ्या असतील. भाच्यासाठी त्यातली उचलायची असेल तर डॉक्टरांना विचारून उचला, पण त्याने पोकळी भरेल अशी आशा ठेवू नका.

फोटो घरी असेल तर खिडकीच्या उजेडात धरून एक गोष्ट शोधा. कधीकधी मोडलेल्या भिंतीचा एक टवका आतल्या पाण्यात पडून तळाशी जाऊन बसतो, विहिरीत ढेकूळ पडावं तसा. सगळ्यांच्या फोटोत तो नसतो. पण असला, तर आत घट्ट मांस नसून पाणी आहे याचा तो बोलका पुरावा. डॉक्टरांना दाखवायला सांगा, त्यांनाही दाखवायला आवडतं.

आता थोडं सावधपणे. प्रत्येक पोकळी साधी नसते. 'अॅन्युरिझमल' नावाची एक वेगळी सिस्ट असते. तिच्यात रक्त असतं, ती हाड फुगवत जाते, आणि तिला असं वाट बघत ठेवत नाहीत. एमआरआयमध्ये तिच्या आत द्रवाचे थर दिसतात. हाड मोडायच्या आधीपासून कित्येक आठवडे दंड दुखत होता का, रात्री दुखून जाग यायची का, सूज वाढत होती का, ताप होता का, हे आठवून डॉक्टरांना सांगा. आपल्याकडे हाडाचा टीबीही विसरून चालत नाही. फोटोत पोकळीची कड स्वच्छ रेषेसारखी न दिसता कुरतडल्यासारखी दिसली, तर डॉक्टर एमआरआय किंवा तुकडा तपासायला सांगतील. तेव्हा 'पैसे काढतायत' म्हणू नका. दोघांपैकी एकाही डॉक्टरांनी अशी शंका काढलेली तुमच्या पत्रात नाही. तरी 'ही साधीच आहे, याची तुम्हाला किती खात्री आणि कशावरून?' एवढं सरळ विचारा. ऑपरेशनचा प्रश्न त्याच्यानंतरचा.

दुसरी गोष्ट, तुम्ही लिहिलंय की दोन डॉक्टरांनी दोन उलट गोष्टी सांगितल्या. मला त्या उलट वाटल्या नाहीत. सांगलीचे म्हणाले, बघू. मिरजेचे म्हणाले, करता येईल. 'करायलाच हवं' आणि 'करता येईल' यांत तासगाव-मिरजेएवढं तरी अंतर आहे. मिरजेचं म्हणाल तर १८९४ साली वानलेस साहेब या मिशनरी डॉक्टरांनी तिथे हॉस्पिटल उघडलं तेव्हापासून 'मिरजेला न्या' हा आपल्याकडे शेवटचा शब्द झालाय. कर्नाटकातूनही लोक येतात. त्यामुळे मिरजेचा डॉक्टर सहज बोलला तरी घरच्यांना तो निकाल वाटतो.

मग काय काय करता येतं?

मोड तर जुळलीच. सिस्टमधलं हाडही इतर हाडासारखं साधारण चार ते सहा आठवड्यांत जुळतं, तुमच्याकडे तेच झालं. कधीकधी मोडण्याच्या धक्क्यानेच पोकळी भरून येते, पण अशी मुलं दहांत एखादं, फार तर दीड. बाकीच्यांत हाड जुळतं आणि पोकळी राहते. वाढ पूर्ण झाली की बहुतेकांची ती हळूहळू भरते. प्रश्न आहे तो मधल्या वर्षांचा, आणि त्या वर्षांत हाड पुन्हा मोडू नये याचा.

सुईचा मार्ग १९७९ मध्ये इटलीतल्या स्कालिएत्ती यांनी मांडला. भूल देऊन, यंत्राच्या पडद्यावर बघत, पोकळीत सुया घालतात, पाणी काढतात आणि स्टेरॉइड सोडतात. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. स्टेरॉइड म्हटल्यावर तुमच्या कपाळावर आठी पडली असेल, औषधाच्या दुकानातली माणसं दचकतातच. पण हे रोजच्या गोळ्यांसारखं नाही, एका जागी, मोजून दिलेलं असतं. अडचण वेगळी आहे. एका सुईत काम होईलच असं नाही, काही महिन्यांच्या अंतराने दोन-तीनदा द्यावी लागते आणि दर वेळी भूल. काही ठिकाणी स्टेरॉइडऐवजी मुलाच्याच कमरेच्या हाडातला मगज काढून सोडतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९० मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं या दोन उपचारांत वाटलं होतं. शेवटपर्यंत ज्यांचा पाठपुरावा झाला त्यांत स्टेरॉइडवाल्यांपैकी ४२ टक्क्यांची आणि मगजवाल्यांपैकी २३ टक्क्यांची पोकळी भरली. आकडे बघून निराश होऊ नका, पण दाजींना नक्की दाखवा. चांगल्यातल्या चांगल्या गटातही निम्म्याहून जास्त मुलांची पोकळी भरली नव्हती.

खरवडून हाड भरणं हा मोठा रस्ता. माझी गोष्ट सांगितलीच आहे. हाड कमरेतून घेतात किंवा तयार पूरक दाणे वापरतात, म्हणजे कमरेची दुसरी जखम टळते. खर्च मात्र वाढतो.

टायटॅनियमच्या लवचिक सळया मला स्वतःला नंतरच्या वर्षांत जास्त पटल्या. त्या पोकळीतून आरपार जातात, हाडाला आतून आधार देतात, आणि पोकळीतलं कोंडलेलं पाणी वाहून जायला वाट करतात. पोर लवकर हात हलवायला लागतं. पण मूल वाढतं आणि सळई तेवढीच राहते. वाढता वाढता पोकळीचा भाग सळईच्या टोकापलीकडे गेला तर ती बदलावी लागते. शिवाय पुढे काढायची म्हटलं तर तेही एक ऑपरेशन. तेव्हा खर्च विचारताना 'घालायचे आणि काढायचे मिळून किती?' असं विचारा. पहिल्याच दिवशी विचारा.

या सगळ्याहून महत्त्वाचं एक अंतर आहे, आणि ते फोटोत मोजता येतं. दंडाच्या वरच्या टोकाला कूर्चेची एक पातळ पट्टी असते, वाढीची पट्टी. दंडाच्या लांबीतली सुमारे ८० टक्के वाढ तिथून होते. पोकळी तिला चिकटून असली, तर खरवडताना पट्टीला इजा व्हायची भीती असते, आणि मग हात आखूड राहू शकतो. अशी चिकटलेली पोकळी जास्त चपळही असते, परत परत होते. वय वाढतं तशी पट्टी वर सरकत जाते, नवं चांगलं हाड मागे टाकत जाते आणि पोकळी मागे राहते. अंतर पडलं की काम सोपं आणि कमी धोक्याचं होतं. म्हणून 'थांबू' म्हणणारा डॉक्टर हातावर हात ठेवून बसलेला नसतो, तो या अंतराची वाट बघत असतो. तुम्ही पत्रात थांबण्याला 'काहीच न करणं' म्हटलंय. दर तीन महिन्यांनी त्याच कोनातून फोटो काढून भिंतीची जाडी आणि हे अंतर बघणं हा उपचारच आहे. मात्र तो करावा लागतो. फोटो चुकवले तर मग ते नुसतं थांबणं.

इथे बाकीच्या वाचकांसाठी एक अपवाद ठळकपणे सांगायला हवा. हीच पोकळी मांडीच्या हाडाच्या मानेत, खुब्याजवळ असेल, तर मी थांबा म्हणणार नाही. त्या हाडावर अख्ख्या शरीराचा भार असतो. तिथे मोडून हाड सरकलं तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि पोर जन्मभर लंगडू शकतं. मूल लंगडतंय, मांडी किंवा गुडघा दुखतो म्हणतंय आणि तिथे पोकळी दिसली, तर बालअस्थितज्ज्ञाला लगेच गाठा. दंडावर आपण चालत नाही, एवढंच तुमच्या भाच्याचं नशीब.

आता छाटणी. दाजींना मी दोष देत नाही. ऑक्टोबर छाटणी झाली की माणूस फवारणीच्या पंपाला जो बांधला जातो तो माल जाईपर्यंत. त्यांना वेळ आत्ताच आहे, आणि कदाचित पैसाही. पण निर्णय बागेच्या तारखेने होतोय, हाडाच्या नाही, हे त्यांना कुणीतरी मायेने सांगायला हवं. बेत नंतर ठरला तर हॉस्पिटलात राहायला तुम्ही जाल, एवढा शब्द द्या. मला वाटतं निम्मी घाई तिथेच उतरेल. पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. कुठलं ऑपरेशन, कुठल्या हॉस्पिटलात, कशात बसतं हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भरती होण्याआधी विचारा. रेशनकार्ड आणि मुलाचं आधार बरोबर ठेवा.

हाडवैद्याबाबत मी आजींशी भांडणार नाही, त्यांच्या वयात गावात दुसरं होतं कोण? पण या दंडाला चोळणं नको. नुकतं जुळलेलं, आतून पोकळ हाड दाबाने पुन्हा मोडू शकतं. कामट्या लावून करकचून बांधणं तर अजिबात नको, त्याने हाताचा रक्तपुरवठा अडलेली पोरं मी पाहिली आहेत. आजींना हातभार लावायचाच असेल तर बोटं, मनगट आणि कोपर रोज हलवून घेण्याचं काम त्यांच्याकडे द्या. ते काम खरोखरचं आहे, आणि नातवाला ते त्यांच्याकडूनच आवडेल. खांदा किती आणि कधी फिरवायचा ते मात्र डॉक्टर सांगतील तसं.

राहिला तुमचा दोष. 'तूच ठरव' हे वाक्य घरातल्या शिकलेल्या माणसाला मान म्हणून मिळतं आणि गळ्यात धोंडा म्हणून राहतं. ठरवायचं आई-बापांनी आहे. सहीसुद्धा त्यांचीच लागते. तुमचं काम त्यांना डॉक्टरांसमोर बसवण्याचं. पुढच्या वेळी एकटे फाइल घेऊन जाऊ नका, दाजी आणि बहीण दोघांना घेऊन जा, सगळे फोटो तारखेप्रमाणे लावून. मोठ्या पाकिटात सपाट ठेवा, घडी घालू नका, मोबाइलवरही काढून ठेवा. आणि दाजींना स्वतःच्या तोंडाने विचारू द्या: पट्टीपासून किती लांब आहे, भिंत किती पातळ आहे, सहा महिने थांबलो तर काय बिघडू शकतं, आत्ता केलं आणि परत झालं तर पुढची पायरी कोणती. उत्तरं त्यांनी स्वतः ऐकली की उद्या हात परत मोडला तरी 'तू थांबायला लावलंस' असं कुणी म्हणणार नाही. आणि हो, तो परत मोडूही शकतो. मोडला तर पुन्हा जुळेल, आणि तेव्हा सळयांचा विचार आपोआप पुढे येईल. ती तुमची हार नाही.

माझा कल विचाराल तर, दंडाचं हाड, जुळलेली मोड, नऊ वर्षांचं वय, आणि पोकळी पट्टीला चिकटलेली असेल, तर मी पुढच्या फोटोपर्यंत थांबेन. भिंत अंड्याच्या टरफलासारखी पातळच राहिली, किंवा पुन्हा मोडलं, तर आधी सुई किंवा सळया, खरवडणं शेवटी. पण फोटो बघितलेल्या डॉक्टरांनी कारण देऊन वेगळं सांगितलं, तर त्यांचं ऐका, माझं नको.

एक माणूस तुमच्या पत्रात कुठेच बोलत नाही. भाचा. त्याच्यासमोर सगळे कुजबुजतायत आणि नऊ वर्षांचं पोर कुजबुज बरोबर ऐकतं. त्याला जवळ बसवून फोटो दाखवा. 'हे तुझं हाड, इथे आत पाणी आहे, ते सुकून हाड भरायला वेळ लागेल,' इतकं पुरे. शाळेतल्या बाईंना आणि खेळाच्या सरांना चिठ्ठी द्या: डॉक्टर हो म्हणेपर्यंत कबड्डी नाही, तालीम नाही, झाडावर चढणं नाही, उजव्या हाताने फेकणं नाही. दप्तर हलकं. पण घरात कोंडू नका. वर्गातल्या पोरांबरोबर चालू दे, कॅरम खेळू दे, लगोरीत गडी कमी पडला तर लगोऱ्या रचायला बसू दे. आणि डाव्या हाताने फेकायला शिकवा. सुरुवातीला चेंडू भलतीकडेच जाईल, शेजारच्या पत्र्यावर वाजेल. वाजू दे.